टॉवरवर मोर्चा अन् भंगाराकडे पाठ



शेतनोंद: उन्हाळ कांदा चाळीत भरून झाला. मक्याचं रान तयार आहे, आता पावसाची वाट. काम थोडं हलकं आहे म्हणून आज पिकाबद्दल नाही, रेडिएशनबद्दल लिहितो. जरा कडक लिहिणार आहे. ज्याला पटणार नाही त्याने खाली लिहावं, उत्तर देईन.

झालं असं, की शेजारच्या गावात मोबाइलच्या टॉवरवर मोर्चा निघाला. "टॉवर हटवा, रेडिएशन थांबवा." ठीक, ज्याचा त्याचा हक्क. पण त्याच दिवशी, त्याच चौकातून भंगाराने भरलेला टेम्पो गेला. एका बंद पडलेल्या कारखान्यातली जुनी यंत्रं होती. टेम्पोला वाट द्यायला मोर्चा बाजूला सरकला. त्यात काय काय आहे, कुठून सुटलं, कोणी तपासलं, हे एकानेही विचारलं नाही. त्या टेम्पोत धोक्याचं काही होतं असं मी म्हणत नाही. पण रेडिएशनने माणूस खरोखर मेल्याची आपल्या देशातली उघड घटना शोधायला गेलात तर ती टॉवरखाली सापडत नाही, भंगाराच्या दुकानात सापडते. माझं भांडण एवढ्यासाठीच आहे.

आधी टॉवरचं उरकून टाकू. टॉवरच्या लहरी रेडिओच्या जातीच्या. अणूतून इलेक्ट्रॉन उडवायची ताकद त्यांच्यात नाही. एक्स-रे आणि गॅमा किरणांत ती आहे, म्हणून ते शरीराच्या पेशी मोडतात. आपल्या सरकारने २०१२ साली टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. टॉवरवाल्याने मर्यादा पाळली का, ते जरूर मोजायला लावा. भाडं कोणाच्या खिशात जातं तेही विचारा, कारण निम्म्या मोर्चांचं मूळ तिथंच असतं. पण त्याने उलट्या होऊन केस गळत नाहीत.

आता कांदा. हा तर आपल्या घरचा विषय. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं विकिरण केंद्र २००२ पासून आहे. तिथं कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कांद्यावर सोडतात, म्हणजे कोंब येत नाही. २००७ साली अमेरिकेने आपला आंबा घ्यायला सुरुवात केली, तो याच केंद्रातून किरण देऊन गेला. आता फॉरवर्ड फिरतंय की असा कांदा खाल्ला की घरात रेडिएशन येतं. अहो, उन्हात वाळवलेली मिरची रात्री अंधारात चमकते का? किरण कांद्यातून जातात आणि संपतात. मागे कोबाल्ट राहत नाही. कोबाल्टच्या किरणांची ताकद एवढी नाही की कांदाच किरणोत्सारी व्हावा.

पण खरी गोष्ट पुढं आहे. कोंब थांबवायला कांद्याला साठ ते नव्वद ग्रे एवढा डोस लागतो. आंब्याला निदान चारशे. माणसाला सगळ्या अंगावर एकदम चार-पाच ग्रे बसला आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दोन महिन्यांत जातात. म्हणजे कांद्याला भीती नाही, कांद्याशेजारच्या कोबाल्टला भीती आहे. म्हणूनच तो जाड काँक्रीटच्या भिंतीआड, पाण्याच्या खोल हौदात ठेवतात. त्या केंद्रात कुलूप आहे, गजर आहे, शिकलेली माणसं आहेत. मला त्याची झोप उडवणारी काळजी नाही. (कोंब थांबवून भाव पडायचा थांबत नाही, ही काळजी वेगळी. तिच्यावर मोर्चा काढा, मी पुढं उभा राहतो.)

कुलूप नसलेला कोबाल्ट कसा असतो ते दिल्लीने बघितलं. २०१० साल. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० चं एक जुनं यंत्र पडून होतं. कॅनडातून आणलेलं, १९८५ पासून वापरात नसलेलं. फेब्रुवारीत ते लिलावात भंगार म्हणून विकलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते गेलं आणि कामगारांनी तोडलं. आत शिसं, म्हणजे वजन, म्हणजे पैसा. त्या शिशाच्या आत कोबाल्टच्या बारीक कांड्या. एकाने तुकडा पाकिटात ठेवला आणि पाकीट खिशात. सात-आठ जण दवाखान्यात गेले, त्यातला एक पस्तिशीचा माणूस वारला. डॉक्टरांना संशय आला म्हणून एप्रिलमध्ये प्रकार बाहेर आला. नाहीतर कांड्या अजून किती हातांतून फिरल्या असत्या देव जाणे.

आता सांगा, रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांच्या विभागात त्या यंत्राची आठवण राहिली नाही. मग दहा रुपये किलोचा हिशोब करणाऱ्या भंगारवाल्याने ती ठेवायची होती का? ज्याच्या ताब्यात असा पदार्थ आहे त्याने तो परत कुठं द्यायचा, कोणाची परवानगी घ्यायची, याचा कायदा आपल्याकडे आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईत बसलेलं आहे. पाळला नाही तो शिकलेल्यांनी, मेला तो मजूर.

याहून मोठं प्रकरण ब्राझीलमधल्या गोइआनिया शहरात १९८७ साली झालं. ते मी सविस्तर सांगतो, कारण त्यातल्या एकेका पायरीवर आपलं गाव डोळ्यांपुढं येतं.

कॅन्सरवर किरण देणारा एक खासगी दवाखाना दुसरीकडे हलला. जुनं यंत्र रिकाम्या इमारतीत तसंच राहिलं. सप्टेंबरात दोन तरुण आत शिरले, यंत्राचा जड भाग काढला, हातगाडीवर घालून घरी आणला. त्याच दिवशी दोघांना उलट्या. त्यांना वाटलं खाण्यात काही आलं. पाच दिवसांनी भंगारवाल्याला विकलं. रात्री भंगारवाल्याने बघितलं तर आतून निळा उजेड. आत सीझियम-१३७ ची पूड होती. त्याला वाटलं देवाघरची नाहीतर लाखमोलाची वस्तू. घरात आणली, सोयरेधायरे बघायला बोलावले, चिमूट-चिमूट वाटली. कोणी अंगाला चोळली. त्याच्या भावाने थोडी घरी नेली. भावाची सहा वर्षांची पोर त्या पुडीशी खेळली आणि त्याच हातांनी जेवली.

ओळखलं कोणी? भंगारवाल्याच्या बायकोने. घरातली, कामावरची माणसं एकामागून एक आजारी पडायला लागली आणि ती सगळी त्या वस्तूपाशी होती, एवढं तिने जुळवलं. उरलेला भाग पिशवीत घालून ती बसने आरोग्य खात्याच्या कार्यालयात गेली. ती बाई वारली, ती पोर वारली, भंगाराच्या दुकानातले दोन कामगार वारले. स्टेडियममध्ये रांगा लावून एक लाख बारा हजार लोकांची तपासणी झाली. २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात ते सापडलं. घरं पाडावी लागली, वरची माती खरवडून पिंपात भरावी लागली.

यापुढचं वाचून मला जास्त लागलं. त्या पोरीला पुरायला नेलं तेव्हा लोकांनी दफनभूमीपाशी गर्दी करून दगड मारले, हिच्यामुळे जमीन नासेल म्हणून. पेटीला आतून शिसं लावलेलं होतं तरी. आणि त्या भागाचा शेतमाल बाहेरचे लोक घेईनात. शहरातल्या एका वाड्यात पूड सांडली आणि शिवारातल्या शेतकऱ्याचा माल पडून राहिला, त्याचा काडीचा संबंध नसताना. अज्ञानाने आधी माणसं मारली आणि मग भीतीने शेतकऱ्याला मारलं. कांद्याच्या फॉरवर्डचा मला राग का येतो ते आता कळलं असेल.

कोणी म्हणेल, तात्या, दिल्ली अन् ब्राझील राहू द्या, आपल्या गावात हे कुठून येणार?

येतं ना. कागदाच्या कारखान्यात जाडी मोजायला, सिमेंटच्या कारखान्यात पातळी मोजायला असे पदार्थ वापरतात. कारखाना बंद पडतो, मालक बदलतो, यंत्र राहतं. आणि दुसरं आपल्या बांधावरचं. पलीकडच्या शिवारातून पाइपलाइन गेली तेव्हा रात्री वेल्डिंगचे फोटो काढायचे. तो फोटो साधा नसतो, इरिडियम-१९२ नावाच्या पदार्थाच्या गॅमा किरणांनी काढतात. कंत्राटदाराच्या माणसांनी दोरी बांधली, पाटी लावली. पाटी इंग्रजीत. रात्री पाण्याची पाळी असणारे गडी दोरीखालून वाकून जायचे, कारण मोटार पलीकडे. मी त्यांच्या माणसाला म्हटलं, भाऊ, हे मराठीत लिही आणि गड्यांना समजावून सांग. तो म्हणाला, काका, आमच्या कंपनीचा नमुना ठरलेला आहे. नमुना! माझ्या रानात, माझ्या गड्यांसाठी, त्यांना न वाचता येणारी पाटी. पुढच्या रात्री मी पुठ्ठ्यावर कोळशाने लिहून टांगलं: "थांबा. आत किरण चालू. काम संपेपर्यंत मोटार बंद."

ही दोरी किती महत्त्वाची ते पेरू देशातल्या यानांगोमध्ये १९९९ साली दिसलं. जलविद्युत प्रकल्पावर एका वेल्डरला इरिडियमचा पडलेला तुकडा सापडला. बोटाच्या पेराएवढी वस्तू. त्याने उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकली. संध्याकाळपर्यंत मांडी दुखायला लागली. तो जगला, पण पाय मुळापासून कापावा लागला. काही तासांचं काम.

आता बचाव. यात मंत्र-तंत्र काही नाही. फवारणी करणाऱ्या माणसाला तर दोन मिनिटांत कळावं असं आहे.

पहिला फरक समजून घ्या. ऊन अंगावर पडणं वेगळं आणि औषध अंगावर सांडणं वेगळं. एक्स-रे, किंवा बंद नळीतला कोबाल्ट, हे उन्हासारखं. तिथून हटलात की मार थांबला, आणि तुम्ही दुसऱ्याला लावत नाही. फुटलेली पूड, धूळ, हे सांडलेल्या औषधासारखं. ते अंगावर, कपड्यांवर, पोटात तुमच्याबरोबर घरी येतं. दिल्लीत पहिल्या जातीचं जास्त होतं, ब्राझीलमध्ये दोन्ही.

पहिल्या जातीला तीन उपाय: कमी वेळ, लांब अंतर, मध्ये आडोसा. यातलं अंतर फुकट आहे आणि सगळ्यात जोरदार आहे. छोट्या तुकड्यापासून एका मीटरवर जेवढा मार, दहा मीटरवर त्याचा शंभरावा भाग. वीस पावलं मागं सरायला कोणाचं अनुदान लागत नाही. आडोशाला जड वस्तू लागते. शिसं, काँक्रीट, माती. अणुस्फोटाच्या राखेतल्या गॅमा किरणांपुढे नऊ-दहा सेंटिमीटर दाबलेली माती असेल तर मार निम्मा होतो. मातीचं घर, जाड भिंत ही आपली जुनी ढालच आहे. पत्र्याच्या शेडचा मात्र काही उपयोग नाही.

अनोळखी जड डबा, शिशाचं आवरण, पिवळ्यावर तीन पात्यांच्या पंख्यासारखी खूण दिसली की हात लावू नका. ती खूण लोकांना पंख्याची वाटते. हे कळल्यावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००७ साली दुसरी खूण आणली: लाल त्रिकोण, त्यात वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस. ती ठरवताना अकरा देशांतल्या लोकांना दाखवून बघितली, त्यात आपला देशही होता. ही खूण यंत्राच्या आतल्या भागावर असते, म्हणजे तोडता तोडता दिसते. दिसली तर तिथंच सोडायचं. अर्धं तोडलंय, पूर्ण करू, असं नाही.

मग मागं सरायचं, पोरंबाळं हटवायची, ११२ ला फोन, पोलिसपाटील, तलाठी. फोटो लांबून, झूम करून. आणि कृपा करून आपला नेहमीचा शहाणपणा करू नका: विहिरीत टाकणं, उकिरड्यात पुरणं, नाहीतर ट्रॉलीत घालून पोलिस ठाण्यात नेणं. जिथं आहे तिथं राहू द्या. त्याला कोणी कोणी हात लावला त्यांची नावं कागदावर घ्या, दवाखान्यात तीच उपयोगी पडतील.

पूड किंवा धूळ अंगावर आली असेल तर नाकाला ओलं फडकं, आणि वरचे कपडे तिथल्या तिथं काढायचे. डोक्यावरून ओढायचे नाहीत, कात्रीने कापा. पिशवीत बांधून लांब ठेवा. कपडे काढल्यानेच बरीचशी घाण जाते. मग साबण-पाण्याने अंघोळ, केस, नखं. घासून कातडी सोलायची नाही, खरचटलं की आत जायला वाट मिळते. हात धुतल्याशिवाय घास नाही, बिडी नाही, तंबाखू मळायचा नाही. ती पोर हातांमुळे गेली हे विसरू नका.

आजार ओळखायचा कसा? मोठा मार बसला की काही तासांत मळमळ, उलट्या. जितक्या लवकर, तितका मार मोठा. मग फसवा भाग येतो. दोन-चार दिवसांत, कधी त्याहून जास्त, माणूस बरा वाटतो, कामावर जातो. आतमध्ये हाडांतला मगज रक्त बनवायचा थांबलेला असतो. दोन-तीन आठवड्यांनी केस गळतात, हिरड्यांतून रक्त येतं, ताप चढतो, अंगावर भाजल्यासारखे न भरणारे चट्टे येतात. म्हणून भंगार हाताळणाऱ्याला उलट्या झाल्या तर सलाईन लावून घरी आणू नका. डॉक्टरांना तोंडाने सांगा, "डॉक्टर, अनोळखी धातू तोडला होता." साधी सीबीसी लागोपाठ काही दिवस केली तरी पांढऱ्या पेशी घसरताना दिसतात. आपण सांगितलंच नाही तर तालुक्याचा डॉक्टर पित्त समजणारच.

आता आयोडीन. तारापूरचं नाव निघालं की लोक विचारतात. अणुभट्टीचा अपघात झाला तर हवेत आयोडीन-१३१ येतं. ते गवतावर बसतं, गाय गवत खाते, दुधात येतं, पोरं दूध पितात, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत साठतं. १९८६ साली चेर्नोबिलला हेच झालं आणि हजारो पोरांना पुढं थायरॉइडचा कॅन्सर झाला. दूध वेळेवर थांबवलं असतं तर त्यातलं बरंच टळलं असतं. शेजारच्या पोलंडने तीन दिवसांच्या आत आयोडीन वाटायला सुरुवात केली, एक कोटीवर पोरांना दिलं, दुधावर बंधनं घातली. गोळी उपयोगी आहे, पण फक्त त्या आयोडीनला आणि फक्त गळ्याच्या ग्रंथीसाठी, आणि प्रशासन सांगेल तेव्हाच. कोबाल्ट-सीझियमला तिचा काही उपयोग नाही.

आणि मीठ खाऊ नका! २०११ साली जपानच्या फुकुशिमानंतर चीनमध्ये लोकांनी दुकानातलं आयोडीनचं मीठ संपवलं. हिशोब करा: घरातल्या मिठात किलोला पंधरा मिलिग्रॅम आयोडीन, मोठ्या माणसाच्या गोळीत शंभर. म्हणजे सहा-सात किलो मीठ एका दिवसात. रेडिएशनच्या आधी मीठच नेईल. जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध पिणं तर त्याहून वाईट. जनावरवाल्यांनी काय करायचं तर जनावरं गोठ्यात बांधायची, आधी झाकलेला चारा घालायचा, विहीर-टाकी झाकायची, बाहेरचं गवत आणि दूध सांगितल्याशिवाय वापरायचं नाही. आपण दारं-खिडक्या लावून आत.

२०२० साली राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणाची चिप दाखवली, मोबाइलला लावा, रेडिएशन कमी होतं म्हणून. मी तीस वर्षं शेण काढतो. शेणाची किंमत मला कोणी शिकवू नये. त्याची जागा खड्ड्यात आहे, मोबाइलवर नाही. असली चिप विकणारा, स्टिकर विकणारा आणि कांद्याचं फॉरवर्ड पाठवणारा, तिघं एकाच माळेचे मणी. ते आपल्याला घाबरवतात आणि वर खोटा धीर विकतात. त्यात खरं काम राहून जातं.

खरं काम असं: आपल्या ग्रामसभेत ठराव टाकायचा. गावातून, शिवारातून पाइपलाइन किंवा रस्त्याचं काम चालू असेल तर किरणांची पाटी मराठीत, आणि रात्रीचं वेळापत्रक आधी ग्रामपंचायतीत. बंद कारखान्याचं भंगार निघणार असेल तर किरणोत्सारी काही नाही, हे मालकाने लेखी द्यायचं, मगच टेम्पो हलेल. शाळेच्या भिंतीवर दोन्ही खुणा रंगवायच्या. रंगाचा खर्च मी देतो.

आमच्याकडे भंगारवाला मंगळवारी येतो. दोन्ही खुणा कागदावर काढून त्याला दिल्या. त्याने कागद गाडीच्या काचेला चिकटवला आणि म्हणाला, "तात्या, ही पंख्याची खूण मी कुठंतरी बघितलीये." कुठं, ते त्याला आठवेना. मी त्याला पुढच्या मंगळवारपर्यंत आठवायला सांगितलंय. तुम्हीही आपापल्या भंगारवाल्याला विचारा आणि काय म्हणतो ते लिहा.